बाळ रात्री सारखी शू करतं, मग दूध कमी करायचं का?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण घरी पाच महिन्यांची मुलगी आहे आणि रात्री दोनच्या लंगोटाची ड्यूटी माझ्याकडे आहे.

"संध्याकाळनंतर दूध कमी पाजा, म्हणजे शू कमी होईल," हा सल्ला घरोघरी मिळतो. आम्हालाही मिळाला. सल्ला प्रेमाचाच, पण तान्ह्या बाळासाठी चुकीचा. का ते बघू.

मोठ्या माणसांच्या मेंदूतून रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, "पाणी अडवा." म्हणून आपण सलग सहा-सात तास झोपू शकतो. बाळाच्या शरीरात हे दिवस-रात्रीचं वेळापत्रक अजून बसलेलं नसतं. त्यात मूत्राशय इवलंसं, लघवी घट्ट करायची मूत्रपिंडांची ताकद कमी, आणि खाणं म्हणजे नुसतं दूध. त्यामुळे नवजात बाळाने दिवसरात्रीत वीसेक वेळा शू केली तरी ते नॉर्मलच.

उलट, आमच्या भाषेत सांगायचं तर ओला लंगोट म्हणजे सिस्टीमचा लॉग. अंगावरचं दूध पोटात किती गेलं ते दिसत नाही, बाहेर किती आलं ते मोजता येतं. जन्मानंतर पाच-सहा दिवसांनी 24 तासांत किमान 6 डायपर चांगले ओले होत असतील, तर दूध पुरतंय असं समजा. रात्रीचं दूध तोडलं तर शू कमी होईल, पण वजनही वाढणार नाही. आणि सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नकोच.

काळजी कधी करायची? सहा-आठ तास शूच नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल; किंवा ताप आहे, मुलाची धार न लागता थेंबथेंब शू होते. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना गाठा.

बाकी सोय साधी: दुपट्याखाली रबरी शीट, मंद दिवा, हाताशी सुके लंगोट. आणि घाई नको. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करणं हा आजार मानत नाहीत, मग पाच महिन्यांच्या जिवाकडून काय अपेक्षा करायची?

भेटू पुढच्या भागात!