पांढरे हरिण, शिकारी आणि अप्रभावी जनुक

न्यूयॉर्क राज्यात सेनेका व कयूगा या दोन सरोवरांमधील भूभागावर अमेरिकेच्या सैन्याने १९४१ साली दारूगोळ्याचे एक विस्तीर्ण कोठार उभारले. सुमारे १०,६०० एकरांच्या या क्षेत्राभोवती उंच कुंपण घातले गेले, तेव्हा तेथील रानात वावरणारी पांढऱ्या शेपटीच्या जातीची हरिणे आपोआपच आत कोंडली गेली. १९४९ च्या सुमारास त्यांच्यात पांढऱ्या अंगाचे हरिण दृष्टीस पडू लागले. पुढील दशकात पांढऱ्या हरणांवर गोळी झाडू नये असा नियम तेथील अधिकाऱ्यांनी केला. तपकिरी हरणांची मर्यादित शिकार मात्र चालू राहिली. परिणामी पांढऱ्यांचे प्रमाण वाढत गेले आणि भरभराटीच्या काळात सुमारे ८०० हरणांपैकी २०० पांढरी होती, असा अंदाज केला जातो. आनुवंशिकीच्या दृष्टीने पाहता, कोणी न योजलेला असा हा एक प्रचंड प्रयोगच होय. त्याच्या आधारे वन्य हरणांतील वर्णवैचित्र्य आणि त्याकडे पाहण्याची शिकाऱ्यांची दृष्टी यांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रकारभेद स्पष्ट केला पाहिजे; कारण सामान्य बोलण्यात ‘पांढरे हरिण’ या एकाच शब्दाखाली भिन्न अवस्था एकत्र केल्या जातात. हरणाच्या केसांचा रंग मुख्यतः मेलॅनीन या रंजकद्रव्यावर अवलंबून असतो. हे द्रव्य निर्माण करण्याची क्षमताच नसेल, तर केस पांढरे होतात आणि डोळ्यांतील रक्तवाहिन्या दिसत असल्याने डोळे गुलाबी भासतात. ही खरी विवर्णता. दुसऱ्या प्रकारात द्रव्य बनविण्याची क्षमता शाबूत असते. परंतु रंजकपेशी गर्भावस्थेत त्वचेपर्यंत नीट पोहोचत नाहीत. अशा प्राण्याचे अंग पांढरे, पण डोळे नेहमीप्रमाणे तपकिरी असतात. सेनेका येथील हरिणे या दुसऱ्या वर्गातील आहेत. तिसरा प्रकार कबऱ्या हरणांचा. यांच्यापैकी काहींत वाकलेला पाठीचा कणा, आखूड पाय, आखूड खालचा जबडा असे दोषही आढळतात. याच्या उलट, मेलॅनीन प्रमाणाबाहेर झाल्यास हरिण काळे होते. अशी हरिणे बहुतेक ठिकाणी अत्यंत विरळ असली, तरी मध्य टेक्ससच्या काही परगण्यांत ती वारंवार दिसतात.

शिकाऱ्यांच्या दृष्टीचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिली दृष्टी निषेधाची. पांढरे जनावर मारणे अशुभ, ही समजूत युरोपात जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांड या युवराजाने १९१३ साली एक पांढरा शामॉय मारला आणि १९१४ साली त्याचा खून झाला, तेव्हा लोकांनी या दोन घटनांचा संबंध जोडला. शामॉय हा हरिण नसून रानबकऱ्यांच्या कुळातला प्राणी. परंतु समजूत तीच. दुसरी दृष्टी अभिलाषेची. जे दुर्मिळ ते आपल्या भिंतीवर असावे, ही इच्छा. कांचनमृगाची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ती निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. तिसरी दृष्टी स्वतःस शास्त्रीय म्हणविते. पांढरा रंग हा दोष आहे, तेव्हा अशी जनावरे मारून कळप शुद्ध ठेवावा, असे तिचे म्हणणे. कायद्यातही हा मतभेद उमटलेला आहे. विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या हरणास संरक्षण आहे. मिशिगन राज्याने ते २००८ साली काढून घेतले.

यांपैकी तिसरी दृष्टी गणिताच्या कसोटीस लावून पाहता येते. पांढरा रंग एका अप्रभावी जनुकामुळे येतो, असे धरू. म्हणजे आई आणि बाप या दोहोंकडून तो जनुक आला, तरच पाडस पांढरे होईल. दहा हजार हरणांत एक पांढरे असेल, तर हार्डी व वाइनबर्ग यांनी १९०८ साली मांडलेल्या नियमानुसार त्या जनुकाचे प्रमाण शंभरास एक येते आणि तो गुप्तपणे वाहणारी तपकिरी हरिणे सुमारे १९८ निघतात. शिकाऱ्यास दिसते ते एक. उरलेली १९८ त्याच्या नजरेस ओळखू येत नाहीत. प्रत्येक पिढीतील प्रत्येक पांढरे हरिण वीण होण्यापूर्वीच मारले, तरी जनुकाचे प्रमाण एका पिढीत १/१०० वरून १/१०१ वर येईल. ते निम्मे होण्यास शंभर पिढ्या लागतील. पिढी दोन-तीन वर्षांची मानली तरी हा काळ दोनशे ते तीनशे वर्षांचा होतो. तात्पर्य, विरळ पांढरे हरिण मारून कळप ‘शुद्ध’ होतो, ही कल्पना निराधार आहे.

परंतु हेच गणित सेनेकास लावले असता उत्तर बदलते. तेथे ८०० पैकी २०० पांढरी म्हणजे जनुकाचे प्रमाण निम्मे. निवडीमुळे हा नियम तेथे तंतोतंत लागू पडणार नाही. तरी ढोबळ मानाने पाहता, सर्व पांढरी हरिणे एकदा मारली, तर पुढील पिढीत हे प्रमाण एक-तृतीयांशावर येईल आणि पांढऱ्यांचा वाटा चौथ्या हिश्श्यावरून नवव्या हिश्श्यावर घसरेल. विरळ असताना जनुकास गुप्ततेचे कवच असते. विपुल झाल्यावर ते गळून पडते. म्हणून पांढऱ्यांस अभय देणाऱ्या नियमाचाही निसर्गाशी तटस्थ संबंध नाही. संरक्षण हीदेखील निवडच होय. शिकारी ज्यास सोडतो, त्याचाच वंश तो वाढवितो.

सैन्याचे कोठार २००० साली बंद झाले आणि २०१६ साली ती जमीन खाजगी मालकीत गेली. ज्या कुंपणाने व ज्या हुकुमाने हा कळप घडविला, ते दोन्ही मानवनिर्मित असल्यामुळे त्याचे भवितव्यही मानवी निर्णयावरच अवलंबून आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीस बंदी असल्याने हा प्रश्न आपल्यापुढे या स्वरूपात उभा राहत नाही. तथापि कुंपणांनी वेढलेल्या आपल्या मृगोद्यानांत एखादे पांढरे चितळ जन्मास आले, तर केवळ कौतुकापोटी त्याचीच वीण वाढविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्या एका पांढऱ्या पाडसामागे उभ्या असलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या जनुकांची गणती अभ्यासकाने आधी करावी.