सह्याद्रीतील दरडी : धोरण आणि विमा, २००५ ते २०२५

सह्याद्रीतील दरडींच्या धोक्याकडे धोरणाचा विषय म्हणून पाहणे महाराष्ट्रात २००५ नंतर सुरू झाले. त्या जुलैच्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावे दरडींखाली आली. डिसेंबरमध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची दरडींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली.

एकाच जिल्ह्यातही हा धोका सगळीकडे सारखा नसतो. शिर्डी गोदावरी खोऱ्यातील सपाटीवर असल्याने तिथे दरडींचे भय नाही. त्याच जिल्ह्याचे पश्चिम टोक, अकोले तालुका, मात्र कळसूबाई-रतनगडाच्या डोंगररांगांत आहे. घाटघर, रतनवाडी हा तिथला अतिपावसाचा पट्टा.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पडली. १५१ जण गेले. वाचलेल्यांना २०१७ मध्ये जवळच आमडे येथे नवी घरे मिळाली. पुढे तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथेही दरडी कोसळल्या. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत ठाकर समाजाची ही वाडी नव्हतीच. याद्या महसुली गावांच्या धरल्या की डोंगरउतारावरची वाडी निसटते, हा या काळातील सर्वांत गंभीर दोष.

विमा डोंगरात पोचला तो पिकाच्या वाटेने. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भूस्खलन ही स्थानिक आपत्ती मानली गेली. ७२ तासांत कळवले की त्या एका शेताचे नुकसान मोजले जाई. २०२३ मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता १ रुपयावर आणला. खरीप २०२५ पासून ती सवलत थांबली, स्थानिक आपत्तीचे संरक्षणही वगळले गेले आणि भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागली. हा बदल डोंगरी शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे : दरड एकाचेच भातखाचर बुजवते, मंडळाच्या सरासरीत ते उमटत नाही.

घरांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात भूस्खलन येते. पण घराचा विमा बहुधा गृहकर्जासोबत उतरवला जातो. वाडीवरच्या घराला कर्जच नसते. त्यामुळे तिथे आधार उरतो तो पंचनाम्यानंतरच्या शासकीय मदतीचा. आपत्ती प्रतिसाद निधीतून मृतामागे ४ लाख रुपये मिळतात.

नागालँडने २०२४ मध्ये दुसरी वाट धरली. पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पंचनाम्यावाचून विम्याची रक्कम थेट राज्याला मिळावी, असा करार त्या राज्याने केला.