माळावरचा आखूड पट्टा

कुत्र्याचे लाड करावेत तर इंग्रजांनी, असं आपण म्हणतो. पण तेच इंग्रज कुत्र्याला शिस्त कशी लावतात, ते मी लेकीकडे राहिले तेव्हा पाहिलं.

ती शेफील्डला असते. जवळच पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ साली झालेलं ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटलं की आपल्याला फाटक आणि तिकीट आठवतं. इथे मात्र माणसं राहतात, शेती करतात, मेंढ्या चारतात. २०००च्या कायद्यामुळे तिथल्या उघड्या माळांवर कुणीही पायी हिंडावं, सोबत कुत्रा न्यावा. फक्त १ मार्च ते ३१ जुलै पट्टा दोन मीटरहून लांब नको. मेंढ्या-गुरं जवळ असली तर वर्षभर नको.

मार्च ते जुलैच का? चंडोल, टिटवीच्या जातीचे पक्षी तेव्हा जमिनीवर अंडी घालतात. कुत्र्यानं अंड्याला तोंड लावायलाच हवं असं नाही. तो नुसता हुंगत फिरला तरी पक्षीण उठते, आणि त्या गारठ्यात अंडी थंड पडतात.

मेंढ्यांचं तर विचारूच नका. लेकीच्या ओळखीची एक शेतकरी बाई सांगत होती, “सगळे म्हणतात, आमचा चावत नाही हो, खेळायला धावला.” पण गाभण मेंढी भिऊन पळत सुटली की गाभडते. तिच्या एका मेंढीची जुळी कोकरं अशीच गेली. मेंढ्या वाचवायला दुसरा इलाजच उरला नाही, तर शेतकऱ्यानं कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याला माफ करतो. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लेकीचा लकी तेव्हा माझ्या पायाशीच बसला होता!

एक नियम मात्र उलटा. वासराची आई अंगावर धावून आली तर पट्टा चक्क सोडून द्यायचा. “अगं आई, तिचा राग कुत्र्यावर असतो. तो पळून सुटतो, आपण तुडवले जातो,” लेक म्हणाली.

आणि हो, घाण पिशवीत उचलून घरी न्यायची. कुत्र्याच्या विष्ठेतून गायीला रोग होऊन तीही गाभडू शकते. काही महाभाग पिशवी भरतात आणि झुडपाला टांगून जातात, तेही पाहिलं.

टिटवी तर आपल्याकडेही उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते. हे सगळं मी फिरायच्या मैत्रिणींना सांगितलं. आता टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की शेजारच्या वहिनी टॉमीचा पट्टा आखडतात आणि कॅनॉलच्या वाटेनं वळतात.