उलाढाल मोजायची की जोडण्या? लहान उद्योगांच्या सायबर सुरक्षेवर संशोधन करण्याआधी

‘जळगाव व धुळे जिल्ह्यांतील लघुउद्योगांची सायबर सुरक्षा : एक अभ्यास’. अशी शीर्षकं संशोधन आराखड्यांत नेहमी दिसतात. विषय चांगला आहे. पण या शीर्षकातला सगळ्यात अवघड शब्द ‘सायबर’ नाही, ‘लघु’ आहे. लघु म्हणजे नेमकं कशाने लघु? या प्रश्नाचं उत्तर ठरवलं नाही, तर पुढे कितीही प्रश्नावल्या भरून घेतल्या तरी हाती फारसं लागत नाही.

आधी सरकार काय करतंय ते थोडक्यात बघू. सोयीसाठी त्याचे तीन भाग करू : नियम, सल्ला आणि मदत.

नियम : देशात सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा म्हणजे सर्ट-इन. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि संगणक प्रणालीच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती.

सल्ला : सप्टेंबर २०२५ मध्ये सर्ट-इनने खास याच उद्योगांसाठी १५ मूलभूत नियंत्रणांची यादी दिली. त्यात पासवर्ड, बॅकअप, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, बाहेरच्या पुरवठादारांकडून येणारी जोखीम असं सगळं आहे. या १५ नियंत्रणांखाली ४५ शिफारशी आहेत.

मदत : फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक. याचं काम कसं चालतं हे समजून घेण्यासारखं आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते. पैसे तिथेच असतील तर रोखले जातात. पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला सूचना जाते. म्हणजे ही पैशाच्या मागे लावलेली शर्यत आहे. त्यात ‘उद्या बघू’ म्हटलं की शर्यत हरलोच.

आता ‘लघु’ शब्दाकडे येऊ. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत आहे. लघुउद्योगाची अनुक्रमे २५ कोटी आणि १०० कोटी. कर्ज आणि सवलती यांसाठी ही मोजपट्टी ठीक आहे. सायबर जोखमीसाठी ती चालते का?

समजा, जळगाव एमआयडीसीत एक डाळ मिल आहे. उलाढाल ४० कोटी, म्हणजे लघुउद्योग. ऑफिसात दोन संगणक, एकावर टॅली, नेट बँकिंग, ई-वे बिल आणि शेठजींचा व्हॉट्सअ‍ॅप. दुसरीकडे समजा धुळ्यात एक कर सल्लागार आहे. उलाढाल ३० लाख, म्हणजे सूक्ष्म. पण त्याच्या संगणकात दीडशे व्यापाऱ्यांचे जीएसटी पासवर्ड, पॅन आणि बँक स्टेटमेंट पडून आहेत. मिलचा संगणक बंद पडला तर एका मिलचं नुकसान. सल्लागाराचा संगणक कोणी उघडला तर दीडशे दुकानं उघडी पडली. उलाढालीच्या तक्त्यात मात्र सल्लागार खालच्या रकान्यात बसतो.

या प्रश्नाला एक उत्तर आपल्याकडेच आहे, फक्त दुसऱ्या क्षेत्रात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा आराखडा दिला आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्याला चार पातळ्या जोडल्या. या पातळ्या ठेवींच्या आकारावर ठरत नाहीत. बँक किती डिजिटल सेवा देते, पेमेंट यंत्रणेशी किती थेट जोडलेली आहे, यावर ठरतात. जी बँक इतर बँकांनाही सॉफ्टवेअर सेवा पुरवते ती सगळ्यात वरच्या पातळीत. आपला धुळ्याचा सल्लागार नेमका याच जातीचा आहे.

यादी एकच असली की दुसरी अडचण येते. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाचा २००९ चा एक शोधनिबंध सुरक्षेच्या अभ्यासात खूप वाचला जातो. त्याचं म्हणणं असं की लोक सुरक्षेचा सल्ला धुडकावतात ते अडाणीपणाने नव्हे. सल्ला पाळायला लागणारा वेळ आणि त्रास हा होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त असतो, म्हणून. आठ माणसांच्या मिलला ४५ शिफारशी एकदम दिल्या तर कागद फाइलीत जाणार. त्याऐवजी ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेसेज आला की जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून खात्री करा, एवढं एकच सांगितलं तर ते पाळलं जाण्याची शक्यता जास्त. मिलची मोठी जोडणी पैशाची आहे, म्हणून तिला पहिला सल्ला पैशाचा.

मग अभ्यास कसा आखायचा? ‘लघु की सूक्ष्म’ हा रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी तीन साधे प्रश्न घ्या. पैसे पाठवायचा अधिकार आणि ओटीपी किती जणांच्या हातात आहे? दुसऱ्यांची किती माहिती आपल्याकडे आहे? बाहेरचा माणूस, म्हणजे टॅलीवाला किंवा संगणक दुरुस्तीवाला, दुरून आपल्या संगणकात शिरू शकतो का? कोणता रकाना झालेल्या घटनांचं जास्त चांगलं स्पष्टीकरण देतो, हे मग आकडेच सांगतील. माझा अंदाज जोडण्यांच्या बाजूने आहे, पण अंदाज तपासायचाच असतो.

दोन सावधगिऱ्या. एक, १९३० वरच्या तक्रारी वाढल्या म्हणजे फसवणूक वाढली असं सरळ लिहू नका. जागरूकता वाढली तरी तक्रारी वाढतात. दोन, ‘तुमची सायबर फसवणूक झाली का?’ असं बाजारात थेट विचारू नका. व्यापाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याची पत. सराफ बाजारात ‘हो, झाली’ कोण म्हणेल? ‘खातं बदलल्याचा मेसेज कधी आला होता का, तेव्हा काय केलंत?’ असं विचारा. हे विचारणं सोपं आणि सांगणंही.

आराखडा सादर करताना ‘लघुउद्योगच का निवडले?’ हा प्रश्न येणारच. ‘ते असुरक्षित असतात म्हणून’ एवढ्या उत्तराने भागत नाही. कोणते, कशामुळे आणि कोणामार्फत असुरक्षित, हे सांगता आलं, तर तुमच्या निष्कर्षांचा उपयोग त्या डाळ मिलला आणि त्या कर सल्लागारालाही होईल.