‘आज नको’ म्हणणाऱ्या मनासह

बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यांतील बहुतेक खुर्चीवर. सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मधुमेहाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. मी नवे बूट आणले, वहीत तक्ता आखला, आणि अकराव्या दिवशी चालणे थांबले. आयुष्यभर इतरांचे थकीत हप्ते मोजणाऱ्याचा स्वतःचाच हप्ता थकला!

माहितीची वानवा नव्हती. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन मला ठाऊक होते. अडचण पहाटे साडेपाचला येई. ‘झोप नीट झाली नाही’, ‘गुडघा कुरकुरतो आहे’, ‘उद्यापासून नियमाने’. या विचारांशी मी वाद घालीत बसे. वाद जिंकेपर्यंत ऊन चढलेले असे.

दवाखान्यातील समुपदेशिकाबाईंनी एकच प्रश्न विचारला, “काका, बँकेत रोज इच्छा झाली म्हणून जात होतात का?” मी निरुत्तर झालो.

त्यांनी सांगितलेली पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिला स्वीकार व वचनबद्धता उपचारपद्धती म्हणता येईल. हेज यांना स्वतःला तीव्र भीतीचे झटके येत असत, हे विशेष. आळस, कंटाळा, श्रमाची नावड यांना हुसकावून लावण्याचा खटाटोप येथे नाही. ती असू द्यावीत आणि त्यांच्यासह पाऊल टाकावे. ‘मला जमणार नाही’ असे न म्हणता ‘मला जमणार नाही, असा विचार माझ्या मनात आला आहे’ असे म्हणावे. बाईंनी मला ‘मला उठता येत नाही’ असे मोठ्याने म्हणावयास लावले आणि म्हणता म्हणताच उठावयास सांगितले. मला हसू आले. पण उठलो खरा.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली तरुणींवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटास व्यायामाची माहिती दिली, दुसऱ्यास हे स्वीकाराचे कौशल्य शिकविले. दुसऱ्या गटाचे व्यायामशाळेत जाणे अधिक वाढले. प्रयोग लहान होता. एवढ्या तारणावर मी मोठे कर्ज मंजूर केले नसते. तरी दिशा पटली.

बाईंनी दुसरे विचारले ते अधिक खोल होते : चालायचे कशासाठी? ‘साखर उतरावी म्हणून’ हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. साखर आज उतरेल, उद्या चढेल. मग मी म्हणालो, नातीला हाताला धरून शाळेत पोहोचविणारा आजोबा व्हायचे आहे. तेव्हापासून अंतर तेच, पण रस्ता बदलला.

एक खुलासा आवश्यक आहे. स्वीकार करावयाचा तो कंटाळ्याचा. छातीत दुखणे, चक्कर येणे, सांध्यास सूज येणे हे सोसण्याचे विषय नव्हेत. तेथे थांबून डॉक्टरांकडेच जावे.

माझे व्याही भुसार मालाचे व्यापारी. सकाळी नऊपासून गादीवर. “दुकान सोडलं की गिऱ्हाईक परत जाईल, असं वाटतं,” ते म्हणाले. मी म्हटले, “वाटू द्या.” एका वेळी सलग दहा मिनिटे तरी चालावे, ही अट आरोग्य संघटनेने २०२० साली काढून टाकली, हेही सांगितले. आता बँकेत भरणा करावयास ते नोकरास स्कूटरवर न पाठविता स्वतः पायी जातात आणि फोन आला की उभे राहून बोलतात. परवा भेटले तेव्हा विचारले, गिऱ्हाइकाची धास्ती गेली का? म्हणाले, “छे, ती रोज माझ्याबरोबर बँकेपर्यंत येते.”