एका सर्व्हरवर अनेक कंटेनर

कंटेनर ही एखादी आज्ञावली आणि तिला लागणाऱ्या सर्व फाइली एकत्र बांधून ती इतर आज्ञावलींपासून अलग चालविण्याची पद्धत होय. या पद्धतीने एकाच सर्व्हरवर एका आज्ञावलीच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविता येतात.

कार्यपद्धती

आभासी यंत्रात प्रत्येक प्रतीला स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम लागते. कंटेनर मात्र सर्व्हरचा एकच कर्नल वाटून घेतात. त्यामुळे मेमरी कमी खर्ची पडते. लिनक्समध्ये ‘नेमस्पेस’मुळे कंटेनर परस्परांना दिसत नाहीत, तर २००८ मध्ये कर्नलमध्ये समाविष्ट झालेल्या ‘सीग्रुप’मुळे प्रत्येकाच्या मेमरी व प्रोसेसर वापरावर मर्यादा घालता येते. २०१३ मध्ये डॉकर प्रसिद्ध झाल्यानंतर ही पद्धत रूढ झाली.

उदाहरण

समजा, रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या शेजारच्या तालुक्यांतील शाळांसाठी मूडल ही अध्यापन प्रणाली एकाच सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालवायची आहे. दोन्ही कंटेनरांच्या आत पोर्ट ८० चालते; परंतु बाहेरून सर्व्हरचे एकच पोर्ट दोघांना देता येत नाही. म्हणून कर्जतला ८०८१ व खालापूरला ८०८२ असे पोर्ट द्यावे लागते. नाव, डेटाबेस आणि माहिती साठविण्याचा व्हॉल्यूमही वेगळा ठेवावा लागतो.

मर्यादा

कंटेनर काढून टाकल्यास त्याच्या आत साठविलेली माहिती नष्ट होते. म्हणून विद्यार्थ्यांचे गुण व उत्तरे कंटेनरबाहेरील व्हॉल्यूममध्येच ठेवणे आवश्यक असते. मेमरीची मर्यादा न घातल्यास एका तालुक्याच्या परीक्षेचा भार दुसऱ्याची प्रत बंद पाडू शकतो. कर्नल सामायिक असल्याने त्यातील बिघाड सर्वच प्रतींना भोवतो. त्यामुळे माहितीची राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवली जाते.