करड्या छटांची मोजणी

कृष्णधवल छायाचित्र छापणे हे रंगीत छायाचित्र छापण्यापेक्षा सोपे असणार, कारण त्यातून रंगांची सगळी यातायात वजा झालेली असते, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि ज्या कोणी चांगल्यापैकी इंकजेट प्रिंटरवर आपले पहिले कृष्णधवल चित्र छापून ते खिडकीपाशी नेऊन निरखले असेल, त्याची ती समजूत तिथेच गळून पडलेली असते. रंगीत चित्रातले आकाश मुळाहून किंचित अधिक निळे उतरले तर पाहणाऱ्याची नजर कुरकुर करीत नाही, कारण त्या दिवशीचे आकाश नेमके किती निळे होते याचा दाखला कोणाच्याच दप्तरी नसतो. करड्यात मात्र हिरवटाची वा जांभळटाची पुसट झाक शिरली, तरी तीच नजर ती तत्काळ हेरते. आणि सावलीच्या प्रदेशात दोन छटा एकमेकींत मिसळून गेल्या, काळ्या कोटाचा खांदा आणि त्यामागचा काळसर पडदा यांमधली सरहद्द पुसली गेली, तर माणसाचा खांदाच चित्रातून नाहीसा होतो. कृष्णधवल चित्राचे सारे भांडवल म्हणजे छटांमधले अंतर. ते अंतर यंत्राकडून चोख वसूल करण्याची जी रीत, तिला शास्त्रीय परिभाषेत अंशशोधन आणि रोजच्या बोलण्यात कॅलिब्रेशन म्हणतात.

यंत्राची अडचण मुळातून समजून घेतली पाहिजे. इंकजेट प्रिंटरपाशी करडा रंग असा नसतोच. असतात ते शाईचे थेंब. एप्सनच्या यंत्रांत हेडवरच्या प्रत्येक नोझलामागे विजेच्या स्पंदाने आकार बदलणारा एक पीझो घटक बसविलेला असतो, आणि त्याच्या धक्क्याने सुटणारा लहानात लहान थेंब कित्येक यंत्रांत साडेतीन पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरचे एक लक्ष कोटी भाग केले तर त्यांपैकी साडेतीन भागांएवढा असतो. हा थेंब दाट टाकता येतो, विरळ टाकता येतो, थोडा लहानमोठाही करता येतो. परंतु त्याच्या अंगची काळिमा सौम्य करता येत नाही. केवळ काळ्या शाईने छापू गेल्यास उजळ गालावर विखुरलेले काळे ठिपके जवळून स्पष्ट दिसतात. ते टाळण्यासाठी निळी, किरमिजी आणि पिवळी या तीन शायांचा तोल साधून करडा रंग निर्माण करावा, तर तो तोल ज्या प्रकाशात साधला त्या प्रकाशापुरताच टिकतो. रंगद्रव्याच्या शाईची सुरुवातीची यंत्रे ज्यांनी वापरली त्यांना हा अनुभव चांगलाच ठाऊक आहे: दिव्याच्या पिवळ्या उजेडात निर्दोष वाटलेले चित्र सकाळी उन्हाच्या प्रकाशात हिरवट दिसू लागे, आणि त्यावर यंत्रातल्या कोणत्याही कळीचा इलाज चालत नसे.

या पेचातून मार्ग निघण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. छपाईपूर्व रंगतपासणीसाठी तयार झालेले आयरिस नावाचे अवजड यंत्र, किंमत १,२६,००० डॉलर, ग्रॅहम नॅश या गायकाने विकत घेतले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथे त्यावर कलाचित्रे छापण्याचा छापखाना काढला. हे यंत्र पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जमा झाले. आयरिसच्या शाया रंगविद्राव्याच्या असल्यामुळे त्यांचे आयुष्य थोडे होते. व्हरमाँटमधल्या जॉन कोन या मुद्रकाने २००० साली पीझोग्राफी या नावाने निराळाच मार्ग दाखविला: रंगीत शाया यंत्रातून सरळ काढून टाकाव्या आणि त्यांच्या जागी एकाच काळ्याच्या दाट ते फिकट अशा अनेक पायऱ्या भराव्या, म्हणजे उजळ भागात फिकट शाईचेच थेंब पडतील आणि ठिपके दिसणार नाहीत. २००५ मध्ये एप्सनने आपल्या के-थ्री शायांत काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन काळ्या एका वेळी यंत्रात बसवून तोच विचार सामान्य छायाचित्रकाराच्या टेबलापर्यंत आणून पोचविला. इतिहासाचा हा भाग एवढाच पुरे. कारण तीन काळ्या हाताशी आल्या तरी त्यांच्याकडून काम कसे घ्यावे हा प्रश्न शिल्लकच राहतो.

या काळ्या शाईविषयी मात्र थोडे अधिक सांगण्याचा मोह आवरत नाही. तिच्यातले रंगद्रव्य म्हणजे कार्बन, अर्थात काजळी. पेशवे दप्तरातले मोडी कागद ज्या शाईने लिहिले गेले, तीही काजळ आणि डिंक घोटूनच केलेली असे. आणि ते कागद पिवळे पडले, कसरीने खाल्ले, तरी बोरूच्या फटकाऱ्याची काळिमा बहुतांशी जशीच्या तशी राहिली, याचे कारण कार्बनावर प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नाही. प्रिंटरच्या शाईतली काजळी इतकी बारीक दळलेली असते की ती नोझलांतून अडखळल्याविना सुटावी, आणि तिचा प्रत्येक कण राळेच्या आवरणात बसविलेला असतो. परंतु मूळ द्रव्य तेच. शुद्ध कार्बनाची छटा किंचित तपकिरी, उबदार असते. ती थंड करायची तर निळ्या-किरमिजी शाईची चिमूट मिसळावी लागते, आणि ही चिमूट जितकी मोठी तितके चित्र प्रकाशाला अधिक भिणारे. माझे मत असे की, कागदाच्या अंगच्या रंगाला साजेल इतपत ऊब राहू द्यावी. पूर्ण तटस्थ करड्याचा हट्ट पुष्कळदा चित्रापेक्षा मोजयंत्राला खूश करण्यासाठी धरलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. रॉय हॅरिंगटन या एका माणसाने लिहिलेली क्वाडटोन रिप नावाची एक छोटी प्रणाली आहे. तिची विशेषता अशी की, प्रिंटरच्या सोबत येणारा चालक-कार्यक्रम जे निर्णय पडद्याआड घेतो, ते सगळे ती वापरणाऱ्याच्या हाती देते: कोणत्या छटेला कोणती शाई, किती मात्रेत, आणि कुठपर्यंत. हे स्वातंत्र्य मिळताच जबाबदारीही येते. कारण नवा कागद यंत्रात घातला, की सारा बंदोबस्त पहिल्यापासून करावा लागतो. नव्या गावाची जमाबंदी ठरविण्यापूर्वी जशी शेतवार मोजणी व्हावी लागे, तशीच ही कागदाची मोजणी आहे.

पहिली मोजणी शाईच्या मर्यादेची. जर्मनीतल्या हानेम्यूले या १५८४ सालापासून चालत आलेल्या कागद-कारखान्याचा फोटो रॅग हा कापसाच्या लगद्याचा मॅट कागद घ्या. त्यावर प्रत्येक शाईची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या चौकोनांत छापली, तर काळ्या शाईच्या पट्टीत एक गोष्ट उघड्या डोळ्यांनाही दिसते: एका ठिकाणापर्यंत चौकोन गडद होत जातात, तिथून पुढे ते गडद होण्याचे थांबतात, आणि अगदी शेवटी कधी कधी उलट उजळू लागतात, कारण कागदाची शाई पिण्याची शक्ती संपलेली असते आणि वरची शाई पृष्ठभागावर थिजून प्रकाश परतवू लागते. जिथे काळिमा वाढायची थांबली, तिथे मर्यादेचा दगड रोवायचा. त्यापुढची शाई नुसती वाया जात नाही, ती चित्राचे नुकसान करते.

दुसरे काम तीन काळ्यांच्या हद्दी ठरविण्याचे. फिकट काळी पूर्ण मात्रेत जितका अंधार देते, तितका दाट काळीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात मिळतो; अतिफिकट काळीची हद्द त्याच्याही अलीकडे संपते. उजळ छटांची कामगिरी अतिफिकटीकडे, मधल्या छटांची फिकटीकडे, सावल्यांची दाट काळीकडे. परंतु एकीने कामावरून उतरावे आणि त्याच क्षणी दुसरीने चढावे असे केले, तर त्या सांध्यावर चित्रात पट्टा उठतो. म्हणून दोघींचा अंमल काही अंतर एकत्र चालू ठेवावा लागतो. मोकळ्या आकाशाच्या किंवा धुक्याच्या चित्रात या सांध्याची परीक्षा सर्वांत कडक होते.

तिसरी मोजणी मुख्य, आणि तिच्यासाठीच मी हा सारा प्रपंच मांडला आहे. शून्य ते शंभर टक्के अशी एकवीस चौकोनांची पट्टी छापावी आणि ती एक दिवस सुकू द्यावी, कारण ओल्या शाईची काळिमा आणि सुकलेल्या शाईची काळिमा यांत फरक पडतो. मग ती त्याच जातीच्या तीन-चार कोऱ्या कागदांवर सपाट ठेवून, म्हणजे खालच्या टेबलाचा रंग मोजणीत शिरणार नाही, प्रत्येक चौकोन वर्णपटमापकाने वाचावा. अंधाराचे असे मोजमाप करण्याचा शिरस्ता हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी १८९० साली घालून दिला. त्यांच्या घनत्वाच्या मोजणीत परावर्तित प्रकाशाचा लॉगॅरिथम घेतात. परंतु डोळ्याला काय दिसते हे सांगण्यास आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची १९७६ ची एल-स्टार ही श्रेणी अधिक सोयीची. तिच्यात शंभर म्हणजे पूर्ण पांढरे, शून्य म्हणजे पूर्ण काळे, आणि पन्नास म्हणजे डोळ्याला अर्धवट वाटणारा तो करडा, जो प्रत्यक्षात अवघा अठरा टक्के प्रकाश परतवितो.

समजा, कोरा कागद ९७ वाचला गेला आणि सर्वांत काळा चौकोन १७. मॅट कागदावर याहून फार खाली जाता येत नाही. चकचकीत बॅरायटा कागदावर हाच आकडा पाचाच्या आसपास येऊ शकतो. ९७ आणि १७ यांमध्ये ८० अंशांचे अंतर, वीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला चार अंशांचा वाटा. हिशेब असा सरळ असता, तर पन्नास टक्क्यांचा चौकोन ५७ वाचला गेला असता आणि ऐंशीचा ३३. प्रत्यक्षात अशोधित यंत्रावर पन्नासाचा ४६ भरतो, ऐंशीचा २२. म्हणजे शेवटच्या चार पायऱ्यांना सोळा अंश मिळायचे, तिथे पाचच मिळाले! काळ्या कोटाचा खांदा पडद्यात का बुडाला, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. थेंब कागदाच्या तंतूंत पसरतो, त्याच्या कडेखाली शिरलेला प्रकाश अडकून पडतो, त्यामुळे ठिपका मोजला त्याहून मोठा ठरतो. आणि कागद बराचसा झाकला गेल्यावर पुढचे थेंब आधीच्या काळ्यावरच पडत राहतात. उजेड आधीच खर्चून बसल्यावर सावलीसाठी काही उरत नाही.

इलाज असा की, वाचलेले एकवीस आकडे प्रणालीत जसेच्या तसे भरावे. मग ती पन्नास टक्क्यांची मागणी आली की चाळिसाच्या आतबाहेरची शाई सोडते, ऐंशीला त्याच हिशेबाने कमी देते, आणि शाईची वाढ शेवटच्या टोकापर्यंत राखून ठेवते. पट्टी पुन्हा छापावी, पुन्हा सुकवावी, पुन्हा वाचावी. चार अंशांची चाल कुठे तीन-पाच झाली तर चिंता नाही. मात्र दोन शेजारच्या चौकोनांचे आकडे एकच येत असतील किंवा उलटे फिरत असतील, तर दोष या दुरुस्तीत नसून आधीच्या हद्दींत आहे असे समजून मागे जावे. आकड्यांवर आकडे चढवून असा दोष झाकला जात नाही.

आमच्याकडच्या हवेचा विचार परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. कोकणपट्टीत पावसाळ्यात कापसाचा कागद हवेतले पाणी पितो, फुगतो, कडा उचलतो, आणि धावत्या हेडला घासून काळी रेघ उमटते. विदर्भातल्या वैशाखात उलट नोझलांच्या तोंडाशीच शाई वाळते आणि पट्टीत बारीक पांढऱ्या रेघा सुटतात. म्हणून मोजणीच्या पट्टीपूर्वी नोझलतपासणीचे पान छापणे हा नियम कधीही मोडू नये. एक नोझल बंद असता केलेले अंशशोधन म्हणजे खोट्या साखळीने केलेली मोजणी. तिच्यावर पुढे कितीही चित्रे छापा, सारी त्याच चुकीने बांधलेली.

काही जाणते मुद्रक म्हणतात की, अनुभवी नजर असली की या आकडेमोडीची गरज नाही. त्यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण ती नजर पडद्यावर जो निर्णय घेते, तो कागदावर त्याच जागी उतरेल याची हमी नजर देऊ शकत नाही, मोजणी देते. सम पायऱ्यांची पट्टी हे काही सुंदर चित्र नव्हे, आणि शोधित यंत्र वाईट छायाचित्र चांगले करीत नाही. परंतु एखाद्या घरातली जुनी काचेची निगेटिव्ह स्कॅन होऊन समोर येते: आजोबांची पगडी, बंद गळ्याचा काळा कोट, शेजारी आजींच्या गडद लुगड्याच्या निऱ्या, मागे स्टुडिओचा रंगविलेला पडदा. मुद्रकाने संगणकाच्या पडद्यावर निऱ्यांतली सावली अर्धी पायरी उचलली आणि कागदावरही ती अर्धीच पायरी उचलली गेली, तर निऱ्या सुट्या होतात, कोटाच्या गुंड्या मोजता येतात, आणि पगडीचा पीळ जिथून जिथे वळतो ते दिसते. अशोधित यंत्रावर तीच दुरुस्ती एकतर कागदावर उमटतच नाही किंवा सारा कोट राखी करून सोडते, आणि मग अंदाजाने छापलेले महागडे कागद टोपलीत जमा होत राहतात.

तयार झालेली वक्ररेषा, म्हणजे कोणत्या मागणीला किती शाई सोडायची याचा प्रणालीने आखलेला आलेख, जतन करताना तिच्या नावात यंत्र, कागद, शाई आणि तारीख घालावी, आणि ज्या पट्टीवरून ती केली ती पट्टी, मागे आकडे लिहून, अंधाऱ्या कपाटात जपून ठेवावी. कागदाचा नवा गठ्ठा आला, हेड बदलले किंवा पावसाळा सरला, की नवी पट्टी छापून जुनीशी ताडून पाहावी. आकडे दीड-दोन अंशांच्या आत जुळले तर जुनी वक्ररेषाच चालू ठेवावी. न जुळल्यास एकवीस चौकोन पुन्हा वाचायला बसावे.